गर्भधारणा चाचणी कधी करावी आणि निकालावर किती विसंबावे

घरी करायची चाचणी लघवीतील एचसीजी हे संप्रेरक शोधते. ते गर्भ गर्भाशयात रुजल्यावरच, म्हणजे बीजोत्सर्गानंतर (बीजांडकोशातून स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर) साधारण ६ ते १२ दिवसांनी तयार होऊ लागते आणि सुरुवातीला दर दोन-तीन दिवसांनी जवळपास दुप्पट होते. त्यामुळे पाळीच्या तारखेआधी आलेल्या ‘नाही’ या उत्तरावर विसंबू नये. पाळी चुकल्याच्या दिवसापासून चाचणी बरीच भरवशाची ठरते, आणि धीर धरवत असेल तर आणखी आठवडाभर थांबणे अधिक चांगले. पाळी अनियमित असल्यास शेवटच्या असुरक्षित संबंधानंतर २१ दिवसांनी चाचणी करावी.

सुरुवातीच्या दिवसांत सकाळची पहिली लघवी घ्यावी, आधी भरपूर पाणी पिऊ नये आणि निकाल पाकिटावर दिलेल्या वेळेतच वाचावा, कारण उशिरा उमटलेली पुसट रेघ फसवी असू शकते. वेळेत दिसलेली रेघ मात्र पुसट असली तरी ती बहुधा गर्भधारणाच दर्शवते. गर्भपातानंतर काही आठवडे, किंवा वंध्यत्वोपचारात एचसीजीचे इंजेक्शन घेतले असल्यास, गर्भ नसतानाही चाचणी होकार देऊ शकते. याउलट, गर्भारपणाचे बरेच दिवस उलटल्यावर संप्रेरक अतिशय वाढल्याने क्वचित नकारही येतो. अशा वेळी सोनोग्राफी करावी.

गर्भ गर्भाशयातच आहे की नाही, हे ही चाचणी सांगत नाही. म्हणून ओटीपोटात तीव्र वेदना, रक्तस्राव किंवा चक्कर असेल तर निकाल काहीही असो, ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.