वाईनचं लाकडी पिंप कसं धुवावं आणि त्याला गंधकाची धुरी कशी द्यावी

लाकडी पिंप पूर्ण निर्जंतुक करता येतं, ही समजूत आधी डोक्यातून काढा. वाईन फळ्यांमध्ये काही मिलिमीटर मुरते आणि ब्रेटॅनोमायसिससारखं वाईन बिघडवणारं यीस्टही तिच्याबरोबर आत जाऊन बसतं. तिथवर ना ब्रश पोचतो, ना कुठलं औषध. वरचा थर स्वच्छ ठेवायचा आणि आतल्या मंडळींना डोकं वर काढू द्यायचं नाही, एवढंच आपल्या हातात असतं.

ब्लीच वापरायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ब्लीचमधलं क्लोरीन आणि लाकडातली फिनॉल नावाची रसायनं एकत्र आली की बुरशी त्यापासून ट्रायक्लोरोॲनिसोल तयार करते. वाईनला कुबट वास लागतो आणि पिंप कायमचं हातचं जातं. साबणही नकोच.

वाईन काढली की त्याच दिवशी गार पाण्याने गाळ धुऊन टाका. मग ७०-८० अंश सेल्सियसचं पाणी घाला, त्यात टार्टरचे खडे, म्हणजे वाईनमधून फळ्यांवर बसलेले क्षार, विरघळतात. २२५ लिटरच्या पिंपाला २०-२५ लिटर पुरतं. पिंप लोळवा, दोन्ही टोकांवर उभं करा. सुरुवातीला बूच सैल ठेवा, वाफेने उडतं; मग घट्ट बसवा. पाणी निवल्यावर बूच काढताना हवा ‘सूं’ करून आत ओढली गेली, तर पिंप गळत नाही असं समजा. पाणी नितळ येईपर्यंत खंगाळा आणि तोंड खाली करून रात्रभर निथळू द्या.

आता गंधक. आतल्या मंडळींना डोकं वर काढू देत नाही ती याचीच धुरी. इथेच बहुतेकांचं बिघडतं, मलाही हे सहज जमलं नाही.

धुरी देण्याआधी पिंपाचा वास घ्या. धुरीनंतर नाकाला काहीच कळत नाही, गंधक सगळं झाकून टाकतो. व्हिनेगरसारखा वास आला तर धुरीने ते पिंप सुधारणार नाही. त्यात झाडं लावा, वाईन नको.

पिंपात पाणी साचलेलं असेल तर धूर त्यातच विरघळतो आणि तळाशी आम्ल उरतं. म्हणून नीट निथळलेलं हवं, पण आठवडाभर उघडं टाकलेलं नको, तेवढ्यात बुरशी धरते.

२२५ लिटरला ५ ते १० ग्रॅम गंधक पुरे. गंधकाची वात किंवा चकती तारेला अडकवा आणि खाली छोटी धातूची वाटी लटकवा. ही वाटी वगळू नका. वितळलेला गंधक फळीवर ठिबकला की तसाच चिकटून राहतो, पुढच्या वाईनमधलं यीस्ट त्याचा हायड्रोजन सल्फाइड करतं आणि सडक्या अंड्याचा वास येतो. वात पेटवून तारेने पिंपात सोडा, पण लाकडाला टेकू देऊ नका. जळेपर्यंत बूच सैल ठेवा, मग तार काढून घट्ट बसवा.

वात मध्येच विझली तर पुन्हा पुन्हा काडी लावू नका. आत जुना धूर आहे किंवा प्राणवायू संपलाय. पिंपात ताजी हवा खेळवा आणि मग पेटवा. तोंडाशी नाक नेऊ नका, दमा असेल तर हे काम दुसऱ्याला सांगा. ब्रँडी-व्हिस्कीचं पिंप असेल तर आत ज्योत नेऊच नका, अल्कोहोलची वाफ भडकते.

रिकामं ठेवायचं असेल तर दर ३-४ आठवड्यांनी पुन्हा धुरी द्या. भरण्याआधी गार पाण्याने खंगाळा. फळ्या आक्रसल्या असतील तर पाणी भरून ठेवा, एक-दोन दिवसांत त्या फुगतात. तरीही झिरपलं तर पिंपाभोवतीची धातूची कडी ठोकून घट्ट करा.