सोसायटीच्या किंवा छोट्या ऑफिसच्या कामासाठी वर्ड-एक्सेलसारखं वर्गणी भरून वापरायचं सॉफ्टवेअर कसं निवडावं

नवी कमिटी आली की पहिल्याच बैठकीत कुणीतरी म्हणतं, "एकदाचं मायक्रोसॉफ्ट घेऊन टाका." घ्या, पण त्याआधी दोन संध्याकाळी या कामाला द्या. ८४ सदनिकांच्या आमच्या संस्थेचं दप्तर मी पाच वर्षं सांभाळलं. सॉफ्टवेअर आधी आणि विचार नंतर, असं केलं की पैसे वाया जातात आणि कागदपत्रंही अडकतात, हे मी जवळून पाहिलंय.

पहिल्या संध्याकाळी आठवड्याभरात खरोखर काय काम होतं ते कागदावर लिहा. कोण करतं, कॉम्प्युटरवर की फोनवर, आणि एकाच फाईलवर एका वेळी किती जण असतात, तेही लिहा. आमची यादी अर्ध्या पानात संपली. थकबाकीचा तक्ता खजिनदार भरतात, सचिव आणि अध्यक्ष तो फोनवर बघतात. सभेच्या नोटिसा आणि इतिवृत्तं मराठीत. ऑडिटरला एक्सेल फायली. बस्स, एवढंच.

दुसऱ्या संध्याकाळी तुमच्याकडच्या सगळ्यात त्रासदायक तीन फायली काढा आणि जे सॉफ्टवेअर घ्यायचं मनात आहे त्यात उघडून बघा. मराठीत काम करणाऱ्यांनी ही पायरी अजिबात गाळू नये. जुनी इतिवृत्तं बहुतेक श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये असतात. तो फॉन्ट ज्या यंत्रावर नाही तिथे मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, आणि गूगल डॉक्समध्ये तर आपला फॉन्ट बाहेरून टाकताच येत नाही. ओळखायची युक्ती सोपी आहे. फाईलमधलं एक वाक्य कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट करा. मराठीच राहिलं तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर मराठीच दिसेल अशा पद्धतीत आहे, काळजी नको. खिचडी झाली तर मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणावा लागेल, आणि नंतर डोळ्यांत तेल घालून तपासावा लागेल. रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात, सभासदांची आडनावं तर पहिली. हे काम एकदा झालं की कुठलंही सॉफ्टवेअर चालतं.

एक्सेलच्या फाईलमध्ये कुणी मॅक्रो, म्हणजे ठरलेलं काम आपोआप करणारे छोटे प्रोग्राम, लिहून ठेवलेत का, तेही विचारा. असे मॅक्रो गूगल शीट्समध्ये चालत नाहीत आणि एक्सेलच्या ब्राउझरमधल्या आवृत्तीतही चालत नाहीत. मॅक्रो असतील आणि रोज लागत असतील, तर कॉम्प्युटरवर बसवायचं एक्सेलच घ्यावं लागेल. नसतील तर निवड बरीच मोकळी होते.

आता फुकटातलं आधी बघा. गूगलच्या साध्या खात्यात १५ जीबी जागा मिळते. मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून. एकाच तक्त्यावर तिघांनी काम करायचं तर मला हे सगळ्यात सोपं वाटतं, आणि डॉक्समध्ये मराठी बोलून टाइपही करता येतं. वर्ड-एक्सेलची ब्राउझरमधली आवृत्ती ५ जीबीसह फुकट आहे. लिब्रेऑफिस कॉम्प्युटरवर बसतं आणि त्याला वर्गणीच नाही, पण तिघांनी तीन घरांतून एकच फाईल भरायची सोय त्यात सहज होत नाही. चेन्नईच्या झोहोचे रायटर आणि शीटही वापरून बघण्यासारखे आहेत.

यात भागत नसेल तरच पैसे भरा. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या फॅमिली प्लॅनमध्ये ६ जणांना प्रत्येकी १ टीबी जागा मिळते, म्हणून तो स्वस्त वाटतो. पण तो घरगुती वापरासाठी आहे. संस्थेनं किंवा दुकानानं बिझनेस प्लॅनच घ्यावा. एकदाच पैसे भरून ऑफिस २०२४ सुद्धा मिळतं, एका यंत्रापुरतं. मात्र असं सॉफ्टवेअर कायम पुरत नाही: ऑफिस २०१६ आणि २०१९ यांना मिळणारी सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली.

किंमत नेहमी वर्षाची काढा. समजा, दर माणशी महिना २०० रुपये दिसतायत आणि माणसं चार. वर्षाचे ९,६०० झाले, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ११,३२८. पहिल्या वर्षीची सवलत संपल्यावर दर काय होईल, ते त्याच वेळी बघून ठेवा. ऑटो-डेबिट लावलंत तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना येते. ती ज्याच्या फोनवर येणार तो माणूस ती वाचणारा हवा.

आणि खातं कुणाच्या नावावर, हे पैशाहून महत्त्वाचं. आमच्या एका माजी सचिवांनी सगळं स्वतःच्या मेलवर ठेवलं होतं. ते गाव सोडून गेले, ओटीपी त्यांच्या बंद झालेल्या नंबरवर जात राहिला, आणि चार वर्षांची इतिवृत्तं हाती यायला तीन महिने लागले. त्यांचा हेतू वाईट नव्हता, सोय म्हणून केलं होतं. म्हणून संस्थेच्या नावाचा वेगळा मेल काढा, रिकव्हरीला दोन पदाधिकाऱ्यांचे नंबर द्या, वर्गणी संस्थेच्या बँक खात्यातून भरा आणि पदभार देताना पासवर्डचा कागद दप्तराबरोबर द्या.

वर्गणी थांबवली तर काय होतं, हे आजच माहीत हवं. मायक्रोसॉफ्ट ३६५ चे वर्ड-एक्सेल फाईल उघडून दाखवतात, छापूही देतात, पण बदल करू देत नाहीत. गूगलची पैसे भरून घेतलेली जादा जागा सोडली आणि सामान १५ जीबीच्या वर असलं तर नवे मेल येणं बंद होतं. दर तिमाहीला सगळ्या फायली एका पेनड्राइव्हवर उतरवून कपाटात ठेवा, इतिवृत्तांची पीडीएफ वेगळी.

बदल करायला मे महिना बरा. मार्चअखेर मिटलेली असते, सप्टेंबरअखेरच्या वार्षिक सभेची धावपळ लांब असते. जुनं लगेच बंद करू नका. मे महिन्याची मेंटेनन्सची बिलं दोन्हीकडून काढा आणि बेरीज रुपयाला रुपया जुळली की मग जुनं सोडा.