टर्बिडिटी सेन्सरवर शेवाळ चढत होतं, असा केला बंदोबस्त
मांडवीच्या मुखाजवळ आमचा टर्बिडिटी सेन्सर, म्हणजे पाण्याचा गढूळपणा मोजणारं यंत्र आहे, पावसाळा संपून पाणी निवळलं तरी रीडिंग आपलं रोज थोडं थोडं वर चढतच होतं. वर काढून बघतो तर काचेवर बुळबुळीत थर आणि कडेला बारीक बार्नॅकल्स (चिकटून बसणारे कवचवाले समुद्री जीव), पांढऱ्या टिकल्यांसारखे, नखाने पण निघेनात. मग काच सोडून बाकी सगळ्या बॉडीवर आधी पीव्हीसी टेप गुंडाळली आणि तिच्यावर तांब्याची टेप, तांब्यावर असली वाढ सहसा धरत नाही. ही खालची टेप टाळू नका हां, तांबं थेट स्टील किंवा ॲल्युमिनियमला टेकलं की खाऱ्या पाण्यात चक्क बॅटरी तयार होते आणि बॉडी खाल्ली जाते, ॲल्युमिनियम तर फारच लवकर. काचेवर मात्र रंगबिंग काही नाही, तिथे वायपर, प्रत्येक रीडिंगच्या आधी एकदा फिरतो. करंट खातो बऱ्यापैकी, म्हणून रीडिंग तासाला एकच ठेवलं. आधीचे बार्नॅकल्स पातळ व्हिनेगरमध्ये भिजवून प्लास्टिकच्या पट्टीने काढले, ब्लेड लावलं की काचेवर ओरखडे पडलेच समजा. आणि साफ करायच्या आधीचं नि नंतरचं रीडिंग एकाच बादलीतल्या पाण्यात घेऊन लिहून ठेवा, मागचा डेटा सुधारताना तेच कामाला येतं.