साठीनंतर साखर, कंबर आणि मांड्यांचे बळ

खानदेशातल्या ज्या पुरुषांनी तीस-चाळीस वर्षे कपाशीच्या ओळींतून, केळीच्या बागेतून किंवा औतामागून पायपीट केली, त्यांची साखर मोजण्याची वेळ त्या काळात सहसा आली नाही. साठीच्या सुमारास शेत मुलाच्या हाती जाते, बैलजोडी विकली जाते, मळ्यापर्यंत मोटारसायकल पोहोचते आणि दिवसाचा मोठा भाग पारावर किंवा ओट्यावर बसून निघतो. ताटातली भाकरी मात्र पूर्वीइतकीच राहते. माझ्या वडिलांचे, म्हणजे आमच्या आबांचे, असेच झाले. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीत त्यांची उपाशीपोटीची साखर १६८ निघाली, तेव्हा घरात कोणाला खरे वाटेना, कारण ते दिसायला काटक होते. ‘आते कितला दिन ऱ्हायनात’ असे म्हणत त्यांनी पहिले सहा महिने काहीच केले नाही. पुढे जे केले आणि ज्याचा उपयोग झाला, ते येथे क्रमाने मांडत आहे.

काटक दिसणे म्हणजे निरोगी असणे नव्हे, हे प्रथम समजून घ्यावे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आपले आणि आपल्या इंग्रज सहकाऱ्याचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले होते. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३ असा सारखाच होता. पण इंग्रज डॉक्टरांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आपल्याकडची चरबी हातापायांवर फारशी दिसत नाही, ती पोटात आतड्यांभोवती आणि यकृतात साठते. म्हणून वजनकाट्याच्या आधी शिंप्याची टेप हाती घ्यावी. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, टेप न आवळता माप घ्यावे. पँटचा नंबर हे माप मानू नये, कारण पोट सुटलेला माणूस पँट पोटाच्या खाली बांधतो. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेपस्तीस इंच, किंवा त्याहून अधिक भरली, तर उपाशीपोटीची साखर, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) आणि एचडीएल (चांगले कोलेस्टेरॉल) या चार गोष्टी तपासून घ्याव्यात. साखर १०० पासून पुढे, रक्तदाब वरचा १३० किंवा खालचा ८५ पासून पुढे, ट्रायग्लिसराइड १५० पासून पुढे, एचडीएल ४० च्या खाली, आणि कंबर. या पाचांपैकी तीन गोष्टी बिघडलेल्या असतील, तर डॉक्टर त्याला चयापचयाचा विकार म्हणतात.

यावर हालचालीचा उपाय लागू पडतो तो का, हे कळले म्हणजे व्यायाम टाळावासा वाटत नाही. जेवणानंतर रक्तात आलेली साखर साठवण्याची सर्वांत मोठी कणगी म्हणजे आपले स्नायू, आणि त्यांतही मांड्यांचे व नितंबांचे. साठीनंतर ही कणगी वर्षागणिक लहान होत जाते, आणि पोटातल्या चरबीमुळे इन्सुलिनला तिचे दार उघडणे जड जाते. परंतु स्नायू काम करू लागला की इन्सुलिनच्या मदतीशिवायही तो साखर आत ओढून घेतो, आणि एकदा केलेल्या व्यायामाचा परिणाम साधारण एक ते दोन दिवस टिकतो. त्यामुळे सलग दोन दिवस खाडा पडू न देणे हा या वयातला पहिला नियम आहे. रविवारी एकदाच जळगावच्या मेहरूण तलावाला तीन फेऱ्या मारून आठवडाभर बसून राहणाऱ्याला त्याचा पुरेसा लाभ मिळत नाही. उशीर झाला असे मानण्याचेही कारण नाही: अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवर झालेल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात आहार व व्यायामाने मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले, आणि साठीपुढच्या लोकांत ते ७१ टक्क्यांनी घटले.

जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे. मध्यम म्हणजे किती, याची सोपी खूण अशी की चालताना सोबत्याशी बोलता यावे, पण भजन म्हणता येऊ नये. ही मिनिटे एकदम करण्याची गरज नाही. माझे मत विचाराल तर चालण्याची पहिली वेळ रात्रीच्या जेवणानंतरची ठरवावी, कारण आपल्याकडे तेच जेवण जड असते, ते उशिरा होते आणि त्यावर लगेच बाजेवर अंग टाकले जाते. जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत पंधरा मिनिटे चालल्यास साखरेची चढण बोथट होते. आबांनी सुरुवात अंगणातल्या पाच मिनिटांनी केली आणि दर आठवड्याला दोन-तीन मिनिटे वाढवली. दुपारच्या जेवणानंतर घरातल्या घरात दहा मिनिटे फिरले तरी ती जमेस धरावीत. वरण-बट्टी किंवा शेवभाजीचा बेत असेल त्या दिवशी तर हे चालणे चुकवूच नये.

मात्र नुसत्या चालण्याने मांड्यांचे बळ राखले जात नाही, आणि आपल्या भागातले पुरुष नेमके येथेच थांबतात. आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना भार द्यावा. त्यासाठी जिम लागत नाही. लाकडी, बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. प्लॅस्टिकची हलकी खुर्ची घेऊ नये, ती गुळगुळीत फरशीवर सरकते. पाय खांद्यांइतके फाकवून, हात छातीवर दुमडून, धड थोडे पुढे झुकवून, श्वास सोडत उभे राहावे आणि मनात तीन मोजत सावकाश बसावे. आठ-दहा वेळा झाल्यावर दोन मिनिटे विसावा घेऊन पुन्हा एक फेरी करावी. सुरुवातीला हातांचा आधार घेतला तरी चालेल. भिंतीवर तळवे टेकून केलेले जोर छाती व दंडांसाठी पुरतात; पाठीसाठी सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजाला अडकवून दोन्ही हातांनी पोटाकडे ओढावी, गज पक्का असल्याची खात्री मात्र आधी करावी. ओट्याला धरून टाचा उचलणे आणि एका पायावर दहा सेकंद उभे राहणे यांनी तोल सुधारतो, आणि तोलाचे हे काम आठवड्यातून तीन दिवस करणे योग्य. भार उचलताना श्वास कोंडू नये, रक्तदाब एकदम चढतो. तरुणपणी तालमीत शंभर बैठका काढलेल्यांनी त्या आठवणीच्या भरवशावर खोल बैठका सुरू करू नयेत, कारण गुडघे आता वेगळे आहेत.

धोक्याची बाजू मी जरा विस्ताराने सांगतो, कारण ती आम्ही अनुभवली. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल आणि खाणे चुकले, तर व्यायामाने साखर ७० च्याही खाली जाऊ शकते. एका एकादशीला आबा गोळी घेऊन, उपाशीपोटी पहाटे फिरायला निघाले आणि नाल्याच्या मोरीजवळ त्यांचे हात थरथरू लागले. सदरा घामाने भिजला, समोरच्याचे नाव आठवेना. शेजारच्या मळ्यातल्या माणसाने चहासाठी आणलेली साखर पाण्यात कालवून पाजली म्हणून निभावले. तेव्हापासून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात साखरेची पुडी असते. तीन चमचे साखर घ्यावी, पंधरा मिनिटे बसावे, बरे न वाटल्यास पुन्हा घ्यावी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता त्याला दवाखान्यात न्यावे. उपवासाच्या दिवशीच्या गोळीचे काय करायचे, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. चालताना छातीत दाटून येणे, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ येणे, नेहमीच्या श्रमाला अचानक धाप लागणे, यांपैकी काहीही झाले तर थांबावे आणि त्याच दिवशी तपासून घ्यावे. ज्यांना हृदयविकार आहे किंवा मधुमेहाने डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झाला आहे, त्यांनी भाराचे व्यायाम डॉक्टरांच्या परवानगीनेच सुरू करावेत. मोजे घालून बंद बूट वापरावेत आणि रोज रात्री तळपाय पाहावेत. मधुमेहात टाच बधिर झाली असेल तर बाभळीचा काटा रुतलेलाही कळत नाही.

आपल्या हवेप्रमाणे वेळ बदलावी लागते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपुढे जातो. तेव्हा सकाळचे चालणे सातच्या आत संपवावे आणि लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असल्यास पाणी किती प्यावे हे विचारून घ्यावे. उलट डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडची पहाट बोचरी असते, आणि थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून तेव्हा ऊन अंगावर येईपर्यंत थांबणे बरे. सुरत-नागपूर महामार्गाच्या कडेने अंधारात चालू नये. पावसाळ्यात बांधाबांधाने जाताना विजेरी जवळ असावी, नाहीतर खुर्चीची उठबस वाढवून घरातच राहावे.

जेवणाबद्दल थोडकेच सांगतो. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी चांगली, पण तीनाच्या जागी दोन घ्याव्यात आणि उडदाचे, तुरीचे किंवा मटकीचे कालवण वाढवावे, कारण प्रथिनांशिवाय स्नायू भरत नाही. मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे. शेवभाजीची तर्री बाजूला काढावी.

प्रगती मोजण्यासाठी महिन्यातून एकदा त्याच खुर्चीवर, हात छातीवर ठेवून, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते पाहावे. पासष्ट ते चौऱ्याहत्तर वयाच्या पुरुषाला १२ पेक्षा कमी वेळा जमले तर पायांचे बळ सरासरीहून कमी समजतात. एचबीएवनसी ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवते, तेव्हा ती तीन महिन्यांनी करावी. आबा आज एकाहत्तर वर्षांचे आहेत. पहिल्या महिन्यात त्यांना आठ वेळा जमले, सहाव्या महिन्यात तेरा वेळा. हे आकडे, कमरेच्या मापासह, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पानावर लिहिलेले असतात आणि तपासणीला जाताना ती पाने आम्ही डॉक्टरांकडे घेऊन जातो.