मुलाला मोठ्या प्रश्नाशी स्वतः कसे झुंजू द्यावे

घरात कागद, पेन्सिल, कात्री आणि मुलाची एक मोकळी दुपार आहे, असे धरून चालते. महागडे शैक्षणिक संच लागत नाहीत. 'आधी पाया पक्का करा, मोठे विषय नंतर' हा सल्लाही ऐकू नका. ज्याच्यामागे धावावेसे वाटेल असा प्रश्नच समोर नसेल, तर पाया पक्का करायचा तरी कशासाठी?

१. प्रश्न निवडा. एका वेळी एकच. पृथ्वीला वळसा न घालता तिचा परीघ कसा मोजायचा? सर्वांत मोठी मूळ संख्या असते का? सगळ्यांना सारखा वाटा देणे म्हणजे न्याय का?

२. गोष्ट सांगा आणि उत्तराच्या अलीकडे थांबा. प्राचीन काळी उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी इजिप्तमधल्या सायीनमध्ये (आजचे अस्वान) सूर्य थेट डोक्यावर असे, त्याच वेळी उत्तरेकडच्या अलेक्झांड्रियात तो ७.२ अंश कललेला असे. एराटोस्थेनिस या प्राचीन ग्रीक विद्वानाला एवढे आणि दोन शहरांमधले अंतर, एवढेच पुरले. ७.२ अंश म्हणजे वर्तुळाचा पन्नासावा भाग, हे मात्र मुलालाच शोधू द्या.

३. गप्प बसा. सगळे इथेच अडते. मलाही हीच पायरी सर्वांत जड गेली.

शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, असे अमेरिकन संशोधक मेरी बड रो यांना वर्गांतल्या निरीक्षणांत आढळले. तो वेळ तीन सेकंदांवर नेला, तर मुलांची उत्तरे लांबतात आणि मुले आपणहून बोलू लागतात. घरी तीन सेकंद काहीच नाहीत. तीन दिवस थांबायची तयारी ठेवा.

करून बघायला चौरसाचे कोडे घ्या: दिलेल्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस बनव. मूल आधी बाजू दुप्पट करते आणि क्षेत्रफळ चौपट होते. मग बाजू दीडपट करते, तेही थोडे जास्तच भरते. प्लेटोने लिहिलेल्या संवादात सॉक्रेटिसपुढचा मुलगा नेमका याच दोन ठिकाणी चुकतो. पुढे सॉक्रेटिस कर्ण स्वतःच काढून दाखवतो. तुम्ही तेवढेही करू नका. दोन सारखे चौरस आणि कात्री समोर ठेवा, पुरे.

'तुला नाही का वाटत, की तिरकं कापलं तर...' हा प्रश्न नाही, ते उत्तरच आहे. घाईघाईने दिलेली शाबासकीसुद्धा विचार थांबवते. त्याऐवजी 'हे बरोबर आहे हे तुला कसं कळलं?' असे विचारा. चुकीच्या उत्तरालाही हाच प्रश्न, त्याच सुरात. आवाज बदलला की मूल चौरसाकडे बघायचे सोडून तुमच्या चेहऱ्याकडे बघू लागते.

गप्प बसणे म्हणजे मोबाइल उघडणे नव्हे. शेजारी बसा, बघत राहा. मूल चिडले, रडकुंडीला आले, तर कागद तिथेच राहू द्या आणि त्याला खेळायला पाठवा. तुम्ही तो विषय परत काढू नका. काढायचा की नाही, हे त्याला ठरवू द्या.

४. सुटले की त्याच्या शब्दांत पुन्हा सांगायला लावा. शार्लट मेसन या इंग्रज शिक्षणतज्ज्ञ बाईंचा भर यावरच होता: एकदाच वाचायचे, मग मुलाने सांगायचे. मध्ये टोकू नका.

५. प्रश्नांची एक वही ठेवा. पुढचा प्रश्न त्यातून मूल निवडेल. तुम्हाला तो क्षुल्लक वाटला, तरी तोच घ्या.