खिशाला परवडेल असा कम्युनिकेटर

१९६६ साली सुरू झालेल्या 'स्टार ट्रेक' मालिकेतला कम्युनिकेटर (पात्रांचं दूरवर बोलायचं यंत्र) म्हणजे तळहातावर मावणारी काळी डबी, तिच्यावर पितळी जाळीचं झाकण आणि आत मधोमध फिरणारी नक्षी. तो वाह मिंग चँग या शिल्पकारांनी घडवला होता. तसाच आपण घरी, कमी खर्चात बनवणार आहोत. त्या मालिकेत सगळंच काही मुद्दाम घडवलेलं नव्हतं. डॉक्टर मॅकॉयच्या हातातली काही उपकरणं म्हणजे चक्क वेगळ्या घडणीच्या मीठदाण्या होत्या. तेव्हा स्वस्तातल्या सामानाची लाज बाळगायचं कारण नाही, मूळ मालिकेनेही बाळगली नव्हती.

प्रॉप, म्हणजे पडद्यावर वापरायची नकली वस्तू, हुबेहूब वाटतो तो आकाराच्या प्रमाणामुळे, झाकणाच्या उघडझापीमुळे आणि पृष्ठभागामुळे. आत फोम आहे की धातू, हे कोणी फोडून बघत नाही. म्हणून पैसे झाकण आणि बिजागरी यांवर घाला, बाकी सगळीकडे हात आखडता घ्या.

माप काढताना

एकाच मालिकेत एका वस्तूचे दोन-तीन अवतार असतात: जवळून दाखवायचा चालणारा 'हिरो', आणि कमरेला अडकवायचा किंवा फेकायचा साधा. दोघांचे तपशील जुळत नाहीत. एका अवताराची बटणं आणि दुसऱ्याची जाळी घेतली की वस्तू कशासारखीच दिसत नाही. आधी एक अवतार ठरवा आणि त्याचीच चित्रं जमवा.

चित्रावरून माप घेताना वस्तू फ्रेमच्या मध्यावर आणि कॅमेऱ्यासमोर सपाट धरलेली हवी. तिरकी असेल तर लांबी आखूड दिसते आणि ती चूक पुढे प्रत्येक भागात उतरते. निदान तीन चित्रांवरून लांबी आणि रुंदीचं गुणोत्तर काढा आणि सरासरी घ्या. मग कागदावर खऱ्या मापात आकृती छापून, पुठ्ठ्यावर चिकटवून, कापून हातात धरा. ही पायरी पुष्कळ जण गाळतात आणि डबी साबणाच्या वडीएवढी जाड झाल्यावर पस्तावतात.

खालची मापं ६० × १०५ मिमी आणि झाकणाशिवाय २१ मिमी जाड डबीची आहेत. तुमची आकृती थोडी वेगळी निघाली तरी चालेल, मात्र आतली १५ मिमी खोली कमी करू नका, यंत्र तिच्यातच बसवायचं आहे.

डबी

३ मिमी आणि ५ मिमी जाडीची पीव्हीसी फोमशीट घ्या, पाटीवाले वापरतात तीच. भिंती उभ्या करून खोकं बांधायच्या भानगडीत पडू नका, कारण गोल कोपरे कधीच नीट जुळत नाहीत. त्याऐवजी थर रचा: ३ मिमीचा तळ, त्यावर ५ मिमीच्या तीन चौकटी (कडेची रुंदी ४ मिमी), आणि वर ३ मिमीचं तोंड. तळ कायमचा चिकटवू नका. चार कोपऱ्यांत फोमचे ठोकळे ठेवून २ मिमीचे स्क्रू लावा, नाहीतर बॅटरी बदलायला डबी कापावी लागेल.

कापताना नवं पातं आणि लोखंडी पट्टी वापरा. एका दमात दाबून कापलं की कड तिरकी जाते. हलक्या हाताने चार-पाच वेळा पातं फिरवा. ही शीट लेझरवर कापायला देऊ नका. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराईड सुटतो. तो छातीला घातक आहे आणि यंत्रही गंजवतो.

थर सुपरग्लूने चिकटवा. ग्लू बसायच्या आत सरकवायला जेमतेम काही सेकंद मिळतात, म्हणून आतल्या दोन कोपऱ्यांत चौकोनी ठोकळे धरून त्यांच्या आधाराने चौकटी बसवा. वाळल्यावर सगळ्या थरांची बाहेरची कड एकदमच १२० नंबरच्या पॉलिशपेपरने घासा, मग २२०. पॉलिशपेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेला हवा. नुसत्या बोटांनी घासलं की मऊ जागा खोल जातात आणि कड लाटेसारखी होते.

फोमशीटची कापलेली कड स्पंजासारखी सच्छिद्र असते. रंग मारेपर्यंत ते दिसत नाही आणि रंग मारल्यावर दुसरं काही दिसत नाही. पातळ सुपरग्लूचा एक हात कडेवर फिरवा, वाळू द्या, घासा, मग गाड्यांना लावतात ती दोन भागांची पॉलिस्टर पुट्टी पातळ थरात ओढा.  पुट्टीची आणि फोमची धूळ नाकात जाऊ देऊ नका, मास्क लावूनच घासा.

झाकण: इथे घाई नको

मनगटाला झटका दिला की झाकण उघडलं पाहिजे. हे जमलं तर बाकीच्या दहा चुका माफ.

०.५ ते ०.८ मिमी जाडीचा छिद्रांचा पितळी पत्रा घ्या. तो मिळाला नाही तर छिद्रांचा अॅल्युमिनियम पत्रा घेऊन सोनेरी रंगवता येतो, पण बोटं लागून कडेचा रंग लवकर उडतो. प्लॅस्टिकला ड्रिलने शेकडो छिद्रं पाडायचा विचारही करू नका, ओळी वाकड्या गेल्याशिवाय राहत नाहीत.

आसासाठी सायकलचा स्पोक उत्तम: २ मिमी जाड, सरळ आणि कडक. त्यावर बाहेरून ३ मिमी आणि आतून २.१ मिमी व्यासाची पितळी नळी फिरते. नळीचा एक लांब तुकडा झाकणाच्या मागच्या कडेला डाख द्या. डाख जमत नसेल तर दोन भागांचं इपॉक्सी चालेल, मात्र दोन्ही पृष्ठभाग आधी १२० ने खरवडा. डबीच्या बाजूला आस जिथे टेकतो तिथेही नळीचे ५ मिमीचे तुकडे बसवा. फोममध्ये नुसतं भोक पाडलं तर शे-दोनशे वेळा उघडल्यावर ते लांबट होतं आणि झाकण डुगडुगायला लागतं.

झाकण बंद राहण्यासाठी ६ × २ मिमीचं निओडिमियम चुंबक डबीच्या पुढच्या कडेत बसवा. पितळ किंवा अॅल्युमिनियमला चुंबक धरत नाही, हे ऐन वेळी आठवतं! झाकणाच्या टोकाला आतून लोखंडी पत्र्याचा छोटा तुकडा चिकटवा. आता जुळवाजुळव. चुंबक फार ओढत असेल तर झटक्याने झाकण उघडणारच नाही. त्यावर मास्किंग टेपचा एकेक थर चढवत जा आणि प्रत्येक थरानंतर झटका देऊन बघा. डबी उलटी धरल्यावर झाकण आपोआप उघडलं तर एक थर कमी करा. तरीही झाकण अर्ध्यावर थांबत असेल तर दोष चुंबकाचा नसतो. आस वाकडा असतो, किंवा नळीत इपॉक्सी शिरलेलं असतं.

झाकण किती उघडावं हे मागच्या कडेला बसवलेल्या अडणीवर ठरतं. अडणीवर १ मिमी रबर किंवा फेल्ट लावा. तो नसेल तर प्रत्येक झटक्याचा धक्का थेट फोमच्या सांध्यावर बसतो आणि बिजागरीचा कोपरा तडकतो.

फिरणारी नक्षी

मूळ हिरो प्रॉपमध्ये नक्षी स्टॉपवॉचच्या यंत्रावर फिरत असे. आपण एन-२० प्रकारची छोटी गिअर मोटर घेऊ, ६ व्होल्टला १५ फेरे देणारी. ३ व्होल्टवर ती मिनिटाला साधारण साडेसात फेरे देते.

ही नक्षी म्हणजे मोआरे. बारीक रेषांच्या दोन जाळ्या एकमेकींवर ठेवल्या की तिसरीच आकृती दिसते. केंद्रातून निघणाऱ्या ८० रेषांची एक चकती स्थिर ठेवा आणि ९० रेषांची तिच्याखाली फिरवा. फरक १० चा, म्हणून दहा गडद पट्टे दिसतात. गंमत अशी की खालची चकती एक फेरा घेते तेव्हा पट्टे ९० भागिले १०, म्हणजे ९ फेरे घेतात. रेषांचा फरक २ ठेवला तर ४५ फेरे, आणि मग नक्षी भलतीच वेगाने फिरते. 'मोटर मंद आहे, तरी नक्षी पळते' या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. जास्त रेषांची चकती फिरवली तर पट्टे तिच्याच दिशेने जातात, कमी रेषांची फिरवली तर उलटे.

चकत्यांचा व्यास ३० मिमी, मधला ८ मिमी भाग कोरा काळा. लेझर प्रिंटरवर, लेझरसाठीच असलेल्या पारदर्शक फिल्मवर छापा. साधी फिल्म यंत्राच्या उष्णतेने आत वितळून चिकटते. इंकजेटची शाई साध्या फिल्मवर वाळत नाही. फिरती फिल्म १ मिमीच्या प्लॅस्टिक चकतीवर चिकटवा आणि चकतीची खालची बाजू पांढरी रंगवा, म्हणजे रेषा उठून दिसतात. इथे सुपरग्लू वापरू नका, त्याच्या वाफेने पारदर्शक भागावर पांढुरकी साय येते. पातळ दुतर्फा टेप बरी.

मोटर उभी बसत नाही, आसासकट तिची उंची आपल्या १५ मिमीत मावायची नाही. म्हणून ती आडवी ठेवा, ४ मिमीच्या उंचवट्यावर. मोटर १० मिमी उंच, त्यामुळे तिचा आस तळापासून ९ मिमीवर येतो. आसावर बाहेरून ८ मिमी व्यासाची मऊ रबरी गुंडी चढवा. तिचा माथा १३ मिमीवर येतो आणि फिरती चकती त्यावर टेकते. चकतीच्या केंद्रात स्पोकचा तुकडा तळावर उभा करा, त्याच्याभोवती १३ मिमी उंचीची नळी आधाराला, आणि चकतीचं भोक २.३ मिमी. अशाने चकतीच्या माथ्यापासून तोंडाखाली चिकटवलेल्या स्थिर फिल्मपर्यंत जेमतेम १ मिमी अंतर उरतं. ते जास्त झालं तर डोकं हलवताच पट्टे फाटल्यासारखे दिसतात.

रबर चकतीला केंद्रापासून १२ मिमीवर टेकलं पाहिजे. रबराची त्रिज्या ४, म्हणजे वेग तिपटीने कमी: चकती मिनिटाला अडीच फेरे, पट्टे साडेबावीस. चकती घसरत असेल तर खालच्या बाजूचा तो पट्टा ४०० नंबरने किंचित खरखरीत करा. मोटरचं धूड मात्र चकतीच्या परिघाबाहेरच हवं, आत फक्त आस. धुडाचा माथा १४ मिमीवर असतो, चकती त्यावर घासेल.

वीज

दोन एएए सेल, म्हणजे ३ व्होल्ट. होल्डर डबीत आडवा बसवा. आतली रुंदी ५२ मिमी आहे, तेव्हा विकत घेण्यापूर्वी होल्डर मोजा आणि दोन-एक मिमी अडत असेल तर तेवढीच कड आतून तासा. लाल आणि पिवळ्या ३ मिमी एलईडीला सुमारे २ व्होल्ट लागतात. उरलेल्या १ व्होल्टसाठी प्रत्येकी १०० ओहमचा रोधक, प्रवाह १० मिलिअँपिअर. हिरवा जुन्या मंद प्रकारचाच घ्या. नव्या झगझगीत हिरव्याला आणि निळ्या-पांढऱ्याला ३ व्होल्टच्या आसपास लागतात, सेल थोडे उतरले की ते मिणमिणतात. एलईडीवर रंगीत खडे बसवायचे तर मागे चंदेरी वर्ख नसलेले निवडा, वर्खातून उजेड येत नाही.

झाकण उघडताच सगळं सुरू व्हावं यासाठी तीन टोकांचा मायक्रोस्विच झाकणाखाली दाबला जाईल असा बसवा आणि वायरी 'सी' (सामाईक) आणि 'एनसी' (स्विच दाबलेला नसताना जोडलेलं) या टोकांना जोडा. 'एनओ'ला (दाबल्यावर जोडलं जाणारं टोक) जोडल्या तर झाकण बंद असताना मोटर चालत राहते आणि सकाळी सेल संपलेले.

रंग

मूळ डबी व्हॅक्यूम-फॉर्म केलेल्या (तापवून साच्यावर हवेने ओढून आकार दिलेल्या) कायडेक्स या प्लॅस्टिकची होती, तिच्यावर बारीक दाणेदार पोत होता. तो पोत असा येतो: प्रायमरचे दोन पातळ हात २० ते २५ सेंमीवरून द्या, वाळल्यावर ४०० ने घासा, मग तिसरा हात ४५ सेंमीवरून तुटक फवारा. थेंब हवेतच अर्धवट वाळून दाण्यासारखे बसतात. आधी टाकाऊ तुकड्यावर हात बसवा. दमट हवेत फवारू नका, रंगावर पांढुरकी झाक येते.

वर मॅट काळा, तीन पातळ हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटं. डब्यावर लिहिलेली पुढच्या हाताची मुदत पाळा. अर्धवट वाळलेल्या इनॅमलवर लॅकर गेला की रंग साईसारखा सुरकुततो, आणि मग पूर्ण खरवडण्यावाचून उपाय नाही. अॅल्युमिनियमचं झाकण असेल तर सोनेरीआधी चकचकीत काळा मारा, धातूचा भास त्यानेच येतो.

झिजल्याची खूण अंगठा आणि बोटं लागतात तिथेच द्या. जवळजवळ कोरड्या ब्रशने चंदेरी रंग फक्त कडांवरून ओझरता फिरवा. सगळ्या कडा सारख्याच झिजवल्या तर ती डबी वापरलेली न वाटता रंगवलेली वाटते. दोन दिवस वाळल्यावर मॅट क्लिअरचा एक हात मारा. तोवर झाकण बंद करू नका, नाहीतर ते तोंडाला चिकटतं आणि उघडताना रंगाचा पोपडा सोबत घेऊन येतं.