सोफा घेण्याआधी भिंतीवरचं बटण दाबून बघा

आमचा पहिला बटणावर उघडणारा सोफा, म्हणजे पॉवर रिक्लायनर, आला त्याच्या दुसऱ्याच संध्याकाळी बाबा त्यात अडकले. पाय वर, पाठ मागे, आणि बटण दाबलं तरी काहीच हलेना. त्यांचे दोन्ही गुडघे दुखरे, त्यामुळे उडी मारून उतरणं शक्य नव्हतं. मी आणि नवऱ्याने दोन्ही बाजूंनी धरून त्यांना उतरवलं. दुकानाला फोन केला तर तंत्रज्ञ चार दिवसांनी येणार होता. तीन दिवस तो सोफा तसाच आ वासून लिव्हिंग रूममध्ये उभा होता. चौथ्या दिवशी सकाळी मी दाराजवळचं एक बटण दाबलं आणि सोफ्याखालच्या अ‍ॅडॉप्टरचा हिरवा दिवा लागला.

सोफा बिघडलेलाच नव्हता. इथे अमेरिकेत बऱ्याच अपार्टमेंटमध्ये लिव्हिंग रूमच्या छताला दिवाच नसतो. उभा लॅम्प लावावा म्हणून भिंतीतलं एखादं सॉकेट, पुष्कळदा त्याचा फक्त वरचा किंवा खालचा अर्धा भाग, दाराजवळच्या बटणाला जोडलेला असतो. आम्ही नेमका तिथेच प्लग लावला होता आणि संध्याकाळी दिव्याचं समजून कोणीतरी ते बटण बंद केलं होतं. म्हणून माझ्याकडे सोफ्याबद्दल विचारायला येणाऱ्या प्रत्येक नव्या कुटुंबाला मी आधी एकच काम सांगते: मोबाइलचा चार्जर हातात घ्या, खोलीतल्या प्रत्येक सॉकेटच्या दोन्ही भागांत लावून बघा, आणि भिंतीवरची सगळी बटणं एकदा चालू, एकदा बंद करा. कुठलं सॉकेट कायम चालू राहतं ते कळलं, की सोफ्याची जागा अर्धी ठरली. दुकानात जायचं ते त्यानंतर.

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहून मला आता एकोणीस वर्षं झाली. नवीन आलेल्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की पहिल्या वर्षी हा सोफा घेऊच नका. पहिलं भाड्याचं घर क्वचितच टिकतं. नोकरी बदलते, शाळा बदलायची असते, नाहीतर लीज संपल्यावर भाडं वाढतं. तीन जणांचा पॉवर रिक्लायनर सोफा साधारण दोनशे ते तीनशे पौंड वजनाचा असतो. तो जिन्यावरून उतरवायला दोन मित्र आणि एक पिझ्झा पुरत नाही. तोवर साधा सोफा, खाली सतरंजी, दोन लोड, एवढ्यात छान भागतं.

आणि रस्त्याच्या कडेला 'फुकट' म्हणून ठेवलेला गादीचा सोफा कितीही चांगला दिसला तरी घरात आणू नका. ढेकणांसाठी म्हणते आहे. रिक्लायनरच्या पोटात लोखंडी सांगाडा, लाकडाच्या फटी, कापडाच्या शिवणी असतात. तिथे ढेकूण शिरले की डोळ्यांना दिसत नाहीत आणि मग घरभर पसरतात. ते काढण्याचा खर्च नव्या सोफ्यापेक्षा जास्त होऊ शकतो. लाकडी टेबल, खुर्ची, पुस्तकांचं कपाट जुनं घ्यायला हरकत नाही, फटी तपासून आणि नीट पुसून.

घर स्थिर झालं असेल तर मोजमापाला लागू. सोफ्याची बंद असतानाची मापं सगळे बघतात, उघडल्यावरची फार थोडे बघतात. बंद सोफा भिंतीपासून साधारण ४० इंच पुढे येतो. पाय पूर्ण वर आणि पाठ पूर्ण मागे केली की तो ६६ इंचांच्या आसपास जातो. साध्या जातीचा असेल तर मागे भिंतीपासून फूटभर जागा सोडावी लागते. 'वॉल हगर' किंवा 'झिरो वॉल' प्रकारात बैठकच पुढे सरकते, म्हणून मागे तीन-चार इंच पुरतात. आपल्या अपार्टमेंटसाठी हाच प्रकार घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. हिशेब करून बघा: खोली १२ फूट म्हणजे १४४ इंच. मागे ४, सोफा ६६, समोर टीव्हीचं कपाट १८. उरले ५६ इंच. त्यातच कॉफी टेबल आणि मुलांची ये-जा. हार्डवेअरच्या दुकानात रंगकामाची निळी चिकटपट्टी मिळते. उघड्या सोफ्याचा आकार तिने जमिनीवर आखा आणि दोन दिवस त्याला वळसा घालून वावरा. अडचण होणार असेल तर ती आधीच कळेल.

दाराचं मापही घ्या. बाहेरचं दार बहुधा ३६ इंचांचं असतं, पण आतली दारं त्याहून अरुंद असतात आणि जिन्याचं वळण खरी परीक्षा घेतं. बहुतेक रिक्लायनरची पाठ वेगळी निघते. मागच्या कापडाची पट्टी उचलली की आत दोन खिट्ट्या दिसतात, त्या उघडल्या की पाठ वर सरकून बाहेर येते. हे होतं का, ते विक्रेत्याला करून दाखवायला सांगा.

विजेचं फार अवघड नाही. भिंतीतून १२० व्होल्ट येतात, आणि सोफ्याखाली असलेला विटेएवढा अ‍ॅडॉप्टर ते मोटरसाठी उतरवून बहुधा २९ व्होल्ट डीसी करतो. त्यामुळे शॉकची भीती कमी असते. मात्र वायर गालिच्याखालून कधीही नेऊ नका. पाय पडून ती झिजते, आत तापते, आणि ही घरं लाकडाची आहेत. खोलीच्या मधोमध सोफा ठेवायचा असेल आणि जमिनीत सॉकेट नसेल तर बॅटरीवर चालणारा प्रकार बघा. पुढेमागे भारतात परतायचा विचार असेल तर अ‍ॅडॉप्टरवरची बारीक अक्षरं वाचा. तिथे १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर तो पुण्यातही चालेल, फक्त १२० असेल तर जळेल.

वीज गेल्यावर काय, हेही विचारा. २०१२ च्या ऑक्टोबरात सँडी वादळ आलं तेव्हा न्यू जर्सीत कितीतरी घरांत दिवसेंदिवस वीज नव्हती. काही अ‍ॅडॉप्टरमध्ये ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या बसवायची सोय असते, त्यावर सोफा एकदा तरी बंद करता येतो. घरात म्हातारं माणूस असेल तर ही सोय असलेलाच घ्या.

आता खरा प्रश्न, बसणार कोण? आपल्यापैकी बहुतेक जण हा सोफा आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार म्हणून घेतात. मीही तसाच घेतला होता. इथे गाडी चालवता येत नाही, ओळखी नाहीत, थंडीत बाहेर पडता येत नाही. त्यांचा दिवसाचा मोठा भाग त्या सोफ्यावरच जातो. म्हणून तो त्यांच्या शरीराच्या मापाचा हवा. इथले सोफे उंच, लांब पायांच्या माणसांसाठी केलेले असतात. आपली पाच फुटांची आई पाठ टेकवून बसली की तिचे पाय जमिनीला लागत नाहीत, आणि पाय टेकवून बसली की पाठ अधांतरी राहते. दुकानात तुमच्यापेक्षा बुटकं कोणीतरी बरोबर न्या. दुखऱ्या गुडघ्यांना बैठकीची उंची १९-२० इंच असली की उठायला सोपं जातं, पण तेवढ्या उंचीवर पाय लोंबकळत असतील तर पायाखाली पाट हवा.

हाताने ओढायच्या खटक्याचा स्वस्त सोफा घेऊ का, असं खूप जण विचारतात. तरुणांना चालेल. पण तो बंद करायला पोटरीने जोरात दाबावं लागतं, आणि गुडघेदुखीच्या माणसाला नेमकं तेच जमत नाही. मोटर इथे खरोखर उपयोगाची आहे. एकाच मोटरवर पाय आधी वर येतात आणि मग पाठ मागे जाते. दोन मोटर असतील तर पाय आणि पाठ वेगवेगळे हलवता येतात. डोक्याच्या उशीलाही मोटर असेल तर फारच उत्तम, कारण पाठ मागे गेल्यावर मान वर उचलून टीव्ही बघण्यानेच मान आखडते. कमरेची मोटर बरी आहे, पण उशीची आणि कमरेची यांतली एकच परवडत असेल तर उशीची घ्या. चार्जिंगची खोबण, कपाचे खड्डे, निळे दिवे यांसाठी जास्तीचे पैसे देऊ नका.

दुकानात चपला काढून मांडी घालून बसा. लाजू नका. माझी आई दुपारी मटार सोलते, जप करते, सगळं मांडी घालूनच. टोकाच्या बैठकीत एका बाजूला सोफ्याचा हात येतो, म्हणून मांडी नीट मावत नाही, मधल्या बैठकीत मावते. पण हल्लीच्या कितीतरी सोफ्यांत मधल्या जागी कप ठेवायची पेटी असते. ती आली की मांडीही गेली आणि बाबांची दुपारची वामकुक्षीही गेली. तीन सलग बैठकी घ्या, मधली साधी असली तरी चालेल.

ज्यांच्याकडे गणपती बसतो त्यांनी सुट्या भागांचा सोफा घ्यावा. त्याचे भाग खालून लोखंडी पट्टीने एकमेकांत अडकवलेले असतात. एक टोक उचललं की सुटतात. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. चाळीस-पन्नास माणसं येतात आणि आरतीला जागा करायची असते. पहिला एकसंध सोफा हलवताना चार जणांना घाम फुटला आणि जमिनीच्या लाकडावर चरा पडला. दुसरा सोफा आम्ही दोघंच वेगळा करून भिंतींना लावतो. फक्त आधी वायरी काढायच्या आणि कुठली कुठे होती त्याचा फोटो काढून ठेवायचा.

चामडं की कापड, यावर मात्र मी बराच वेळ घेणार आहे, कारण इथेच लोक फसतात. 'बाँडेड लेदर' म्हणजे चामड्याचा भुगा चिकटवून वर प्लास्टिकचा थर दिलेला. नवीन असताना सुरेख दिसतं आणि काही वर्षांत भाकरीचा पापुद्रा सुटावा तसं सोलून निघतं. ते घेऊ नका. 'लेदर मॅच' म्हणजे अंग टेकतं तिथे खरं चामडं आणि बाजूला, मागे रेक्झिनसारखं व्हिनिल. किंमत कमी हवी असेल तर हे चालतं, पण विक्रेत्याने तसं सांगितलं पाहिजे. 'टॉप ग्रेन' म्हणजे चामड्याचा वरचा चांगला थर, तो वर्षानुवर्षं टिकतो. पण आपल्या घरात चामड्याचा एक शत्रू आहे: डोक्याचं तेल. रोज खोबरेल लावलेलं डोकं एकाच जागी टेकलं की चामडं तिथे काळं, चिकट होतं आणि शेवटी त्याचा रंगाचा थर सुटतो. उशीवर धुता येणारं सुती कापड कायम घाला. मी आईच्या जुन्या नऊवारीचे तुकडे शिवून घातले आहेत. कापडाचा सोफा थंडीत ऊबदार लागतो, पण फिकट रंगाच्या कापडावर हळद पडली तर ती जात नाही. गडद करडा किंवा तपकिरी घ्या.

फोमबद्दल विचारा. घनता दर घनफुटाला १.८ पौंड असेल तर बैठक लवकर बसते, २.५ किंवा जास्त असेल तर टिकते. विक्रेत्याला सांगता आलं नाही तर पंधरा मिनिटं एकाच जागी बसून राहा. इथे दुकानात तेवढा वेळ बसलं तर कोणी उठवत नाही.

इथले जुने लोक कुठल्याही रिक्लायनरला 'लेझी-बॉय' म्हणतात, त्याने गोंधळू नका. ती मिशिगनमधल्या मन्रो गावची कंपनी आहे, दोन चुलतभावांनी १९२० च्या दशकात सुरू केलेली. त्यांची पहिली मागे झुकणारी खुर्ची व्हरांड्यात ठेवायची होती, नुसत्या लाकडी पट्ट्यांची.

पैशांचं बोलू. फेब्रुवारीतला प्रेसिडेंट्स डे, मे अखेरचा मेमोरियल डे, सप्टेंबरातला लेबर डे आणि थँक्सगिव्हिंगनंतरचा शुक्रवार, या दिवसांच्या आसपास सोफ्यांवर चांगली सूट असते. न्यू जर्सीत ६.६२५ टक्के विक्रीकर लागतो, तोही घरपोच आणण्याच्या खर्चासकट. दोन हजारांच्या सोफ्यावर नुसत्या किमतीचा कर १३२.५० डॉलर होतो.

दुकानदार 'चोवीस महिने बिनव्याजी' म्हणतो तेव्हा कागद नीट वाचा. त्यात 'डिफर्ड इंटरेस्ट' हे शब्द असतील तर सावध राहा. समजा २४०० डॉलरचा सोफा घेतला. चोवीस महिन्यांत संपवायचा तर महिन्याला १०० भरले पाहिजेत. पण बिलावर 'किमान रक्कम' त्याहून कमी छापलेली असू शकते. तेवढीच भरत राहिलात तर मुदतीअखेर थोडी बाकी उरते, आणि मग पहिल्या दिवसापासूनचं सगळं व्याज एकदम अंगावर येतं. क्रेडिट, म्हणजे कर्ज मिळण्यासाठीची पत, नुकतं बनत असताना हा फटका फार लागतो. घ्यायचंच असेल तर दरमहा १०० आपोआप कापले जातील असं करा, नाहीतर पैसे साठवून घ्या.

घरात रांगतं मूल असेल तर सोफा बंद करण्याआधी प्रत्येक वेळी वाकून खाली बघायचं, ही सवय सगळ्यांना लावा. मूल खालच्या लोखंडात अडकू शकतं आणि मोटर आपोआप थांबेलच असं नाही. बटणाला लॉक असेल तर ते वापरा, नसेल तर कोणी बसलेलं नसताना प्लग काढून ठेवा. मोठ्या मुलांना उघड्या फूटरेस्टवर बसू देऊ नका. त्याने सांगाडा वाकतो, आणि वॉरंटीत ते 'गैरवापर' म्हणून धरलं जातं.

सोफा घरी येतो त्या दिवशी माणसांना दारातून परत पाठवू नका. 'कर्बसाइड' म्हणजे ते सोफा रस्त्याकडेला ठेवून जातील, 'व्हाइट ग्लव्ह' म्हणजे खोलीत आणून जोडून खोकी घेऊन जातील. दुसरंच घ्या. सही करण्याआधी प्रत्येक बैठक पूर्ण उघडून बंद करा, उशीही हलवून बघा, मागची बाजू बघा. ओरखडा असेल तर पावतीवर लिहून मगच सही करा. खालच्या कापडावर आगीच्या सुरक्षेबद्दलची पट्टी असते. २०२२ च्या जूनपासून देशभर सगळ्या नव्या गादीच्या फर्निचरला ती लागते.

शेवटी फूटरेस्ट उघडून आतल्या लेबलचा फोटो काढा. मॉडेल आणि सिरियल नंबर बहुधा तिथेच असतो. चार वर्षांनी मोटर बंद पडली तर आधी खालच्या वायरींचे जोड घट्ट दाबून बघा, पुष्कळदा तेवढंच सुटलेलं असतं. नाहीच चालली तर सुटा भाग मागवताना पहिला प्रश्न त्या नंबराचा असतो, आणि तोवर सोफा भिंतीला लावलेला असतो, उलटा करायला तिघं लागतात.